सातशे बेचाळीसच्या मागचं आणि पुढचं

मित्रांनो, मी एक जुनी, रिकामी कार्ट्रिज आहे. प्रिंटरच्या पोटात काळी पूड भरून जी लांबट पेटी बसवतात, तीच मी. त्या पुडीला टोनर म्हणतात. पुष्कळ लोक मलाही टोनरच म्हणतात, आणि मी त्याला ओ देते. माझ्यात आता चमचाभरही पूड उरलेली नाही. तरी मला अजून कुणी टाकून दिलेलं नाही. विज्ञानाच्या खोलीत, भिंगांच्या पेटीशेजारी, मला एक फळी मिळाली आहे. ती कशी मिळाली, ते तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म एका लांबलचक, पांढऱ्या उजेडाच्या कारखान्यात झाला. तिथे एका यंत्राने माझं पोट भरलं, दुसऱ्याने तोंडावर नारिंगी पट्टी लावली आणि तिसऱ्याने माझ्या पाठीवर एक कागद चिकटवला. त्या कागदावर चार ओळी होत्या. अक्षरं आणि आकडे, आकडे आणि अक्षरं. मला वाटलं, हे माझं नाव असणार. पण चार ओळींतली नेमकी कोणती ओळ? आणि नावच असेल तर ते एवढं लांब कशाला? हे सांगायला तिथे कुणाला सवड नव्हती. मी खोक्यात गेले, खोकं ट्रकमध्ये गेलं आणि माझा प्रश्न माझ्याबरोबर आला.

मी पोचले ती एका शाळेत. या शाळेतल्या मुलांना दिसतं, पण कमी दिसतं. कुणाला पानाच्या मधलंच दिसतं, कुणाला कडेचंच, कुणाला सगळंच धुक्यातल्यासारखं. म्हणून इथली पुस्तकं मोठ्या अक्षरांत छापावी लागतात. इतर शाळांत जे एका पानावर मावतं, त्याला इथे सहा-सात पानं लागतात. एकेक अक्षर अंगठ्याच्या पेराएवढं आणि काळं कुळकुळीत.

छपाईचं काम मामांकडे होतं. मामा म्हणजे शाळेचे शिपाई. घंटा, किल्ल्या, खडू, पाण्याच्या टाक्या आणि प्रिंटर, सगळं त्यांच्याच ताब्यात. मामांनी पट्टी ओढून काढली, मला दोन्ही हातांत धरून डावीकडून उजवीकडे पाच-सहा वेळा हलकेच झुलवलं आणि ड्रमच्या खोबणीत बसवलं.

ड्रम हा माझा शेजारी. हिरव्या, चकचकीत अंगाचा, दंडगोल आणि भलताच नाजूक. त्याच्याजवळ पूड नसते आणि माझ्याजवळ चित्र नसतं. तुम्ही कंगवा केसांवर घासून कागदाच्या कपट्यांजवळ नेला आहे का? कपटे उडी मारून कंगव्याला चिकटतात. आमच्या घरात तोच खेळ चालतो. प्रकाशाची एक बारीक रेघ ड्रमच्या अंगावर अक्षरं काढते, ती अक्षरं माझी पूड ओढून घेतात, मग ड्रम ती कागदावर ठेवतो आणि पुढचा गरम रूळ ती वितळवून पक्की करतो. म्हणून ताजं पान हाताला कोमट लागतं.

माझे ते दिवस फार सुखाचे होते. विज्ञानाच्या बाई पहिलं पान खिडकीशी नेऊन म्हणाल्या होत्या, "काय काळंभोर आलंय हो मामा!" मामांनी प्रिंटरच्या झाकणावर असा हात फिरवला, जणू ती पूड त्यांनीच कुटली होती.

आता मामांची एक सवय सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यातून घडलं. मामांना नीटनेटकेपणाचं वेड होतं. नवं सामान आलं की ते खोक्याची नंबर छापलेली बाजू कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवत. पुढच्या वेळी तेच मागवता यावं, म्हणून. पण नुसतं कापणं त्यांना पटत नसे. पट्टी लावून, पेन्सिलीने रेघ मारून, सगळे तुकडे एकाच मापाचे करायचे. नंबर मधोमध, चारी बाजूंना सारखी जागा. कपाट उघडलं की वरपासून खालपर्यंत एकसारखे चौकोन. बघणारा म्हणायचा, "वा मामा!" आणि मामा म्हणायचे, "डोळ्यांना बरं वाटतं."

आणखी एक. मामा खोकी टाकून देत नसत. मी ज्या खोक्यातून आले, त्यात खडूचे तुकडे राहत. माझ्याआधीच्या कार्ट्रिजच्या खोक्यात जुन्या किल्ल्या. कापून काढलेल्या बाजूशिवायही त्या खोक्यांच्या तळाशी सगळं पुन्हा छापलेलं होतं. पण तळ कोण बघतो?

वार्षिक परीक्षेच्या तीन महिने आधी मामांनी शहाणपणाचं एक काम केलं. मी संपण्याआधीच दुसरी मागवून ठेवायची ठरवलं. एरवी ते रिकामी कार्ट्रिज पिशवीत घालून दुकानात नेत आणि "अशीच द्या" म्हणत. या वेळी मी कामावर होते. म्हणून त्यांनी कपाट उघडलं, माझा चौकोन वाचला आणि फोन केला, "सातशे बेचाळीस पाठवा एक." खोकं आलं. मामांनी ते न उघडता छपाईच्या खोलीतल्या वरच्या फळीवर ठेवलं आणि निश्चिंत झाले.

परीक्षेच्या आदल्या दिवसाची सकाळ. विज्ञानाचा पेपर छापायचा होता. या शाळेत आजवर मोठ्या परीक्षेला प्रत्येक मुलाजवळ एक वाचक बसे. तो प्रश्न वाचून दाखवी आणि मूल उत्तर लिही. यंदा बाईंनी मुख्याध्यापिकांशी भांडून परवानगी मिळवली होती की आठवी-नववीच्या मुलांना पेपर मोठ्या अक्षरांत द्यायचा आणि त्यांनी तो स्वतः वाचायचा. अट एकच होती. दुपारी बाराच्या ठोक्याला पेपर पाकिटांत बंद झाले पाहिजेत. नाही झाले, तर त्या वर्गाला नेहमीप्रमाणे वाचक.

ही परवानगी सगळ्यांत जास्त कुणाला हवी होती, तर भिंगरीला. नववीतली ही मुलगी. तिचे आजोबा घड्याळं दुरुस्त करत. त्यांनी डोळ्याला लावायचं आपलं भिंग तिला दिलं होतं, आणि ते दोऱ्याने तिच्या गळ्यात असे, म्हणून ती भिंगरी. भिंगातून तिला एका वेळी दोनच अक्षरं दिसत, पण ती दोन स्वच्छ दिसत. त्यामुळे ती जे वाची, ते सगळं वाची. औषधाच्या बाटल्या, बसची तिकिटं, पेन्सिलीवरचे सोनेरी आकडे.

महिन्याभरापूर्वी ती माझ्यासमोर बाईंना म्हणाली होती, "वाचक चांगल्या असतात हो बाई. पण 'पुन्हा वाचा' किती वेळा म्हणायचं? दोनदा म्हणते. तिसऱ्यांदा लाज वाटते. मग समजलं नसलं तरी लिहायला लागते."

दुसऱ्याच दिवशी बाई मुख्याध्यापिकांकडे गेल्या.

तर त्या सकाळी आठवीचे एकोणीस पेपर माझ्यातून छापून झाले. नववीचे एकोणीस राहिले होते आणि माझ्या पोटात खडखडाट झाला. मामांनी मला काढून झुलवलं. आणखी सहा पानं बरी आली, सातवं फिकट आलं.

"फिकं नको मामा," बाई म्हणाल्या. "या मुलांना काळं म्हणजे काळंच लागतं. नवी लावा."

"अहो, तयारच आहे," म्हणत मामांनी ऐटीत वरचं खोकं काढलं. आत काय होतं? हिरव्या अंगाचा, चकचकीत, नवाकोरा ड्रम. पूड नावालाही नाही.

मामा ड्रमकडे बघत राहिले. "सातशे बेचाळीसच मागवला होता मी," ते हळूच म्हणाले. भिंतीवर सव्वादहा वाजले होते.

बाईंनी फोन लावून आवाज मोठा केला. पलीकडे दुकानदार.

"सातशे बेचाळीस तर दिलाय तुम्हाला," तो म्हणाला. "ड्रम."

"ड्रम नको हो, टोनर पाहिजे!"

"मग तसं सांगायचं. टोनरपण सातशे बेचाळीसच. पण त्यात ए येतो, एक्स येतो, एस येतो. एस तुमच्या मशीनच्या खोबणीत बसतच नाही. कुठला देऊ? पूर्ण नंबर वाचा."

मामांनी मला उलटं केलं आणि सगळ्यांत लांब ओळ वाचायला घेतली. "एक नऊ शून्य चार, शून्य सात सात..."

"मामा, हा टोनरचा नंबर आहे का परदेशातला फोन?"

मग मामांनी प्रिंटरच्या तोंडावरचं वाचलं, "पी तीनशे दहा."

"ते मशीनचं नाव. घराच्या दारावरची पाटी वाचून मी आतल्या माणसाची चप्पल कशी आणू? कार्ट्रिजवरचं वाचा, शेवटच्या अक्षरासकट. माझ्याकडे गिऱ्हाईक आहे, दहा मिनिटांनी करा फोन."

बाईंनी चष्मा वर-खाली केला. पण माझ्या पाठीवरचं शेवटचं अक्षर पुसून गेलं होतं. मामा मला धरताना त्यांचा अंगठा नेमका तिथेच यायचा. वर पुडीचा थर. "एक्स असेल," बाई म्हणाल्या. "किंवा एस. नाही सांगता येत. आणि चुकीचं आलं तर बारा वाजून जातील."

मामा मला घेऊन बाहेर व्हरांड्यात आले. छपाईच्या खोलीत त्या दिवशी मुलांना बंदी होती. व्हरांड्यातल्या बाकावर भिंगरी वहीत नाक खुपसून बसली होती.

"आत येऊ नकोस हं," मामा म्हणाले. "टेबलावर प्रश्न पडलेत."

"इथेही पडलेत," ती म्हणाली. "मी ऐकलं सगळं. दाखवा ती इकडे."

मित्रांनो, मला आजवर अनेकांनी हातात धरलं होतं. पण डोळ्यापासून दोन बोटांवर धरून वाचणारी हीच पहिली. ती पहिली ओळ वाचू लागली तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मीही तिच्याइतकीच उत्सुक आहे.

"चार ओळी आहेत," ती म्हणाली. "आजोबा सांगतात, तबकडीवरचं वाचून थांबायचं नाही, झाकण उघडून आतलं बघायचं. बाहेरचं विकणाऱ्यासाठी, आतलं दुरुस्त करणाऱ्यासाठी. पण यातली कुठली ओळ कशासाठी, ते एका कार्ट्रिजवरून कसं कळणार? अजून आहेत का अशा?"

"अजून कुठल्या? एकच तर आहे."

"मग खोकी?"

मामा थबकले. मग आत जाऊन त्यांनी खडूंचं खोकं आणलं आणि ते बाकावर ओतलं. किल्ल्यांचं आणलं, तेही ओतलं. ड्रमचं नवं खोकं आणलं. एवढा पसारा मामांनी आयुष्यात केला नसेल. भिंगरीने तिन्ही खोकी तळ वर करून ओळीने मांडली आणि एकेकावर नाक टेकत वाचू लागली. बाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"हे खडूंचं. टीएन, सातशे बेचाळीस, एक्स. खाली लांब आकडा. हे किल्ल्यांचं. टीएन, सातशे बेचाळीस, एक्स. खाली लांब आकडा, पण हा वेगळाय. म्हणजे लांब आकडा प्रत्येकीचा बदलतो. तो मागवायचा नंबर असूच शकत नाही. ती आपली कुठल्या दिवशी, कुठल्या खेपेत झाली त्याची खूण असेल. जन्मतारखेसारखी."

"आणि ड्रम?" बाईंनी विचारलं. त्यांना उत्तर ठाऊक होतं की नाही, कुणास ठाऊक. पण त्यांनी विचारलं.

"डीआर, सातशे बेचाळीस. मागे काहीच नाही. म्हणजे सातशे बेचाळीस या सगळ्यांचं सारखंय. ते आडनाव. पुढचं टीएन, डीआर म्हणजे कोण काय काम करतं ते. आणि मागचं..." तिने माझं खोकं फिरवलं. "इथे बारीक लिहिलंय. एक्स, तीन हजार पानं."

मामांनी व्हरांड्यातल्या कपाटाचं दार उघडलं. वरपासून खालपर्यंत एकसारखे चौकोन. सातशे बेचाळीस. सातशे बेचाळीस. चारी बाजूंना सारखी जागा. भिंगरीने भिंग लावून एक चौकोन पाहिला आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "मामा, तुम्ही नाव कापलंत आणि नुसतं आडनाव ठेवलंत!"

मामांचा चेहरा उतरला. "बारा वर्षं कापतोय मी," ते म्हणाले. "पट्टी लावून."

"तुम्ही जपून ठेवलेल्या खोक्यांवरूनच कळलं ना पण," बाई म्हणाल्या. "लावा फोन."

दुकानदार म्हणाला, "एक्स संपलाय. ए आहे. साचा एकच, बसेल व्यवस्थित. फक्त पोट लहान. बाराशे पानं."

"तीन हजारवालीनं कुठे तीन हजार दिली?" मामा कुरकुरले. "मशीन म्हणतंय, सातशे अठ्ठेचाळीस छापली. फसवतात नुसते."

मित्रांनो, हे ऐकून मला फार वाईट वाटलं. मी पुडीचा एक कणही चोरला नव्हता. पण भिंगरी अजून खोक्याच्या तळाशीच होती. "इथे एक फुली आहे. फुलीचा अर्थ खाली दिलाय. 'पानाच्या शंभर भागांपैकी पाच भाग काळे धरून.' बाई, पाचच भाग?"

बाई हसल्या. "साध्या पत्राचं पान तेवढंच काळं असतं. आपलं बघ." त्यांनी जुन्या धड्याचं एक पान तिच्यापुढे धरलं. अंगठ्याएवढी अक्षरं, जाड रेघा. "हे विसाच्या आसपास असेल. चौपट काळं."

"म्हणून पानं चौथा भाग! तीन हजारांची साडेसातशे. मग बाराशेची तीनशे. आपल्याला किती हवीत?"

"ते तुला सांगता येत नाही."

"मग गणित कसं सुटणार?"

बाईंनी क्षणभर विचार केला. "दोनशे साठ."

"पुरेल!" भिंगरी म्हणाली, आणि लगेच, "दोनशे साठ भागिले एकोणीस..."

"भिंगरी!"

"भाग जात नाहीये बाई."

"जाणारही नाही. सहा आधीच झालीत. आता वही उघड."

मामा तिच्याकडे बघून पहिल्यांदा हसले, कारण तिच्या नाकाच्या शेंड्याला माझी पूड लागली होती. त्यांनी तिला गार पाण्याने नाक धुवायला पाठवलं. गरम पाण्याने ही पूड पक्की बसते, हे तुम्हीही लक्षात ठेवा.

दुकानदार स्वतः अकरा वीसला आला. माझी धाकटी बहीण ड्रमच्या खोबणीत बसली तेव्हा साडेअकरा होत होते. दार बंद झालं. मला मामांनी बाकावरच ठेवलं होतं, भिंगरीच्या शेजारी. आतून आवाज येऊ लागला. खर्र, टक. खर्र, टक. प्रत्येक टकला एक पान. भिंगरी वहीकडे बघत होती, पण तिचे ओठ हलत होते. ती मोजत होती. मीही मोजत होते.

एकशे चौऱ्याण्णव. एकशे पंचाण्णव. आणि आवाज थांबला.

भिंगरीने भिंग मुठीत घट्ट धरलं. मला वाटलं, आमचा हिशेब चुकला. पान विसाऐवजी पंचवीस भाग काळं असेल तर? एखादं चित्र फार गडद असेल तर? मूठभर पूड त्या क्षणी धाकट्या बहिणीला द्यायची माझी तयारी होती, पण माझ्यात काहीच नव्हतं.

आतून मामांचा आवाज आला, "कागद संपलाय हो, कागद! टोनर नाही!"

खर्र, टक. खर्र, टक. बाराला सहा मिनिटं असताना दोनशे साठावं टक वाजलं, आणि बाराच्या ठोक्याला बाई हातात दोन बंद पाकिटं घेऊन बाहेर आल्या. घंटा मामांनीच दिली. नेहमीपेक्षा जरा जोरात.

त्यानंतर कपाटाच्या दाराचं रूप बदललं. आता मामा खोक्याची अख्खी बाजू चिकटवतात, पुढच्या-मागच्या अक्षरांसकट. कुठलं लांब, कुठलं आखूड, सगळं वेडंवाकडं. कपाट उघडताना ते अजून डोळे बारीक करतात. पण कात्री लावत नाहीत. मलाही त्यांनी कचऱ्यात टाकलं नाही. बाईंनी मागून घेतलं. नवा वर्ग आला की मुलं मला भिंगाखाली धरतात आणि विचारतात, हिचं नाव कुठलं, आडनाव कुठलं, जन्मतारीख कुठली? ऐकून ऐकून आता मलाही पाठ झालंय. लवकरच दुकानदार येऊन मला नेणार आहे. कारखान्यात माझं प्लास्टिक पुन्हा वितळेल आणि पाठीवर नव्या ओळी येतील.

मित्रांनो, म्हणून जाण्याआधी एवढंच मागते. माझ्यासारखी एखादी तुमच्या घरी किंवा शाळेत असेल, तर तिला उन्हात ठेवू नका, जोरजोरात आपटू नका, सांडलेली पूड फुंकू नका. रिकामी झाली तर कचऱ्यात न टाकता दुकानात परत द्या. आणि तिच्या पाठीवरचं अर्धं वाचून थांबू नका. शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा, फुली दिसली तर तिच्यामागे खालपर्यंत जा. कुणीतरी ते तुमच्यासाठीच बारीक अक्षरांत लिहून ठेवलेलं असतं.

आणि हो, परीक्षेचं सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी पेपर सुटल्यावर भिंगरी व्हरांड्यात आली. मामा बाकावर बसून किल्ल्या पुन्हा खोक्यात भरत होते.

"काय गं, कसा गेला?"

"पाचवा प्रश्न मी सात वेळा वाचला, मामा."

मामांचा हात थांबला. "एवढा अवघड होता?"

"नाही," ती म्हणाली. "सोपा होता. वाचता येत होता, म्हणून वाचला."